फुल्यांच्या जागी

पेपरात छापतात त्या फुल्यांवर माझा जुना राग आहे. शिवी आली की तिची अक्षरं काढायची आणि तिथं तीन फुल्या ठोकायच्या, म्हणजे वाचणाऱ्याचे संस्कार शाबूत राहतात, असा आमच्या धंद्यात समज आहे. होतं उलटंच. शिवी वाचून माणूस पुढं जातो. फुल्या दिसल्या की तिथंच थांबतो आणि स्वतःला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या त्या जागेत बसवून बघतो. आणि कोल्हापूरच्या माणसाला त्या भरपूर येतात.

मी इथल्या एका दैनिकात अग्रलेख लिहिते. खाली नाव नसतं, त्यामुळं गल्लीला मी नेमकं काय करते ते कधी कळलेलं नाही. 'बाई पेपरात आहेत' एवढंच. हद्दवाढ, रस्त्यातले खड्डे, पंचगंगेचं पाणी, पुन्हा हद्दवाढ. या विषयांवर इतकं लिहिलंय की आता माझं मलाच ओळखू येत नाही, कुठलं यंदाचं आणि कुठलं मागचं. लिहिलं, छापलं, दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी भजी बांधली, संपलं. एक अग्रलेख मात्र पाठ सोडत नाही. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावताना हटकून आठवतो, आणि घरात मी एकटी असूनही माझी नजर दाराकडं जाते.

झालं होतं असं. कागलजवळच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक कादंबरी लावली होती. आपल्याच भागातल्या बोलीत लिहिलेली. त्यातली आई आपल्या पोराला पानोपानी 'मुडद्या' म्हणते. ऊठ मुडद्या, आंघोळ कर मुडद्या, शाळेला जा की मुडद्या. पोरगं शिकतं, पुण्याला नोकरीला लागतं, आणि एस.टी. सुटताना आई खिडकीखाली उभी राहून त्याला त्याच नावानं हाक मारते. यापलीकडं कादंबरीत आक्षेप घ्यावा असं काही नाही. पण एके दिवशी पंचवीस-तीस माणसं निवेदन घेऊन प्राचार्यांकडं गेली. पुस्तकातली भाषा घाणेरडी आणि अशुभ आहे, पोरापोरींच्या तोंडी हे नको, पुस्तक काढा. कादंबरी शिकवणारी बाई तासिका तत्त्वावर होती, म्हणजे तासांवर पगार. तिला सांगितलं, सध्या घरी बसा.

बातमी आमच्याकडं आली आणि डेस्कवर नियमाप्रमाणं तिच्यावर फुल्या पडल्या. 'कादंबरीतील आई मुलाला उद्देशून वारंवार' आणि पुढं तीन फुल्या. निवेदन देणाऱ्यांच्या पुढाऱ्याचं वाक्यही छापलं होतं. त्यानं कॉलेजच्या फाटकात उभं राहून भाषण ठोकलं होतं, की माझ्या वहिनीनं हाच शब्द तोंडातून काढला आणि तिचा पोरगा परत आला नाही. त्या वाक्यातही शब्दाच्या जागी फुल्या.

सकाळपासून फोन सुरू. "पावणं, शब्द कुठला ते तरी सांगा की. आमच्यात पैज लागलीया." एक निवृत्त गुरुजी म्हणाले, आई पोटच्या पोराला असलं बोलते हे वाचून चहा गेला नाही. मी विचारलं, गुरुजी, असलं म्हणजे कसलं? त्यांनी आढेवेढे घेत जो शब्द सांगितला तो या वयात त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या दूधवाल्यानं आणखी वेगळाच सांगितला. 'मुडद्या' कुणालाच सुचला नाही. तो शिवी म्हणून आठवावा असा शब्दच नाही आमच्याकडं.

संपादकांनी बोलावलं. आम्ही त्यांना साहेब म्हणतो, ते मला ताई. "ताई, यावर अग्रलेख पाहिजे. पुस्तकाच्या बाजूनं. पण पुराव्यानिशी लिहा, नुसती आदळआपट नको."

"लिहिते की."

"आणि शब्द छापायचा नाही."

"साहेब, ज्याची बाजू घ्यायची त्यालाच फुल्या मारायच्या? नवरदेवाला घरात कोंडून वरात काढताय काय?"

"आपला पेपर घराघरांत वाचला जातो."

"मग मुडद्या काय घराबाहेर जाऊन म्हणतात? तुमच्या आईनं तुम्हाला कधीच म्हटलं नाही?"

"म्हटलं की," ते म्हणाले, "पण छापलं नाही." मला हसू आलं आणि रागही आला. दार आपटून बाहेर आले. माझ्या दार आपटण्याची ऑफिसला सवय आहे.

मग कामाला लागले. कोशात बघितलं, मुडदा म्हणजे प्रेत, फारसीतनं आलेला शब्द, विषय संपला. आया ज्या अर्थानं वापरतात त्याचा तिथं पत्ताच नव्हता. म्हणून पिशवी घेतली आणि बाहेर पडले. सकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभी राहिले, जिथं म्हैस समोर पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. एक आजोबा नातवाला म्हणत होते, "पी की मुडद्या, थंड व्हायलंय." लक्ष्मीपुरीत बांगड्या विकणारी एक मुसलमान बाई ओळखीची आहे. तिचं पोरगं पावसात उघड्या डोक्यानं आलं तशी ती ओरडली, "मुडद्या, डोकं पूस आधी." शाहूवाडीकडची माझी एक मैत्रीण आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, आमची आई भाताच्या खाचरातनं ओरडायची, "मुडद्या, सावलीत बस जा."

पाच-सहा दिवस हेच केलं. हसलेसुद्धा खूप. आणि एकदा सगळी वाक्यं एकाखाली एक मांडली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हा शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्या मागनं काहीतरी येतंच. पी, पूस, बस, जेव, झोप, पांघर, ये. शिवी एकटी येऊ शकते. नुसतं भाड्या म्हणून माणूस निघून जातो. नुसतं 'मुडद्या' म्हणून कुठलीही आई गप्प बसत नाही. पहिलं मोठ्यानं असतं, दुसरं हळू असतं, आणि खरं सांगायचं ते दुसऱ्यातच असतं. मला इतका आनंद झाला की ऑफिसात सगळ्यांना चहा सांगितला. अग्रलेख मिळाला होता.

दुसरा मुद्दाही पक्का होता. आपल्याकडं पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव मुद्दाम वाईट ठेवायची पद्धत होती. दगडू, केरबा, कचरू. मरणाला वाटावं इथं नेण्यासारखं काही नाही. मुडद्यासुद्धा त्याच कुळातला असणार, असं मी मांडलं. ज्याला घरच्यांनीच मुडदा म्हणून टाकलंय त्याच्याकडं मरण दुसऱ्यांदा कशाला येईल? परिच्छेद झकास उतरला होता. मी तो स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई सांगायला आला, कागलकडनं दोघीजणी आल्यात, त्या शब्दाचं विचारत हिंडणाऱ्या बाईंनाच भेटायचं म्हणतात. एक पंचेचाळिशीची, डोक्यावर पदर. बरोबर कॉलेजची पिशवी अडकवलेली पोरगी. बाईच्या हातात आमच्याच पेपरचा तुकडा होता.

"बस बाळ," ती पोरीला म्हणाली. "पाणी पी बाळ." इतकं गोड बोलणं आमच्या भागात सहसा ऐकू येत नाही. मला वाटलं शिक्षकाचं घर असेल.

मग तिनं तो तुकडा टेबलावर पसरला आणि फुल्यांवर बोट ठेवलं. "हे तुमी केलंय काय, अक्का?"

"मी नाही. पण आमच्या पेपरानं केलंय."

"ती वहिनी मी हाय."

भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याची वहिनी. जिचा पोरगा परत आला नाही ती. ती सांगत गेली. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, ती तसंच बोलत होती. "पोराला जाऊन दोन पावसाळे झालं. हायवेवर गेला. जाताना मी त्याला मुडद्या म्हटलो हुतो, आख्ख्या गल्लीनं ऐकलं. पर गल्लीला म्हाईत हाय, ते काय घाण न्हाय. आता हे तुमचं छापून आलं. माहेरास्नं फोन आला. नणंदेच्या गावास्नं आला. समदी इचारत्यात, जाताना काय बोलली हुतीस गं पोराला, की ते पेपरात छापता बी येईना?"

पंख्याखाली तो तुकडा फडफडत होता. तिनं त्यावर तळहात ठेवला. "मी माझ्या पोराला जाताना काय वंगाळ बोललो न्हाय. तेवढा शब्द छापा. आख्खा छापा. माझं दुसरं काय म्हणणं न्हाय."

मी विचारलं, "वहिनी, मग पुस्तकावर तक्रार?"

"ती दिरानं केली," ती म्हणाली आणि उठली.

जिन्यात पोरगी मागं राहिली. हळूच म्हणाली, "म्याडम, आई आदी अशी न्हवती. आता मला कायच बोलत न्हाय. शिवी न्हाय, धपाटा न्हाय. दूध उतू गेलं तरी म्हणती, असू दे बाळ. मी काय पाव्हणी हाय काय हो घरात?" तिचे डोळे भरले होते. खालनं आईनं हाक मारली, "चला बाळ." पोरगी माझ्याकडं बघत उतरली.

माझी आई मला भवानी म्हणायची. ती गेल्यापासून मला सगळे मॅडम म्हणतात, फार झालं तर ताई. त्या पोरीला काय म्हणायचं होतं ते मला पुरतं कळलं.

मी साहेबांकडं न जाता आधी त्या बाईकडं जायचं ठरवलं. जिच्यामुळं लिहायचं तिच्या कानावर घातल्याशिवाय छापायला मला बरं वाटेना. लेख पिशवीत घातला आणि कागलची एस.टी. धरली. हायवेपासून आत जरा चाललं की त्यांची गल्ली. घराघरात टीव्ही लागलेले, कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या. त्यांचं घर शेवटून दुसरं. दारात उभं राहिलं की हायवेवरच्या गाड्यांचा आवाज सतत येतो. थांबतच नाही तो. मी मनात म्हटलं, ही बाई रोज हे ऐकत भाकरी करते.

ऊन उतरलं होतं. तिनं मला पाट दिला, चहा दिला. पोरगी चौकटीला टेकून उभी राहिली. मी वाचायला सुरुवात केली. दूधकट्ट्यावरच्या आजोबांवर ती थोडी हसली. मग तो नावांचा परिच्छेद आला, दगडू, केरबा, आणि मरणाला चकवायची युक्ती.

"थांबा," ती म्हणाली. "म्हंजे मुडदा म्हटलं की मरण वाट चुकतं?"

"लोकांची तशी समजूत असावी, वहिनी."

"मग आमच्याकडं नीट कसं आलं?"

मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला. किती रुबाबात वाचला होता मी तो परिच्छेद.

ती रागावली नव्हती. तेच जास्त वाईट होतं. चुलीकडं बघत बोलायला लागली. "तुमी पुस्तकाचं इचारलं हुतं. पोरगी रोज मोठ्यानं वाचायची. मी भाकऱ्या थापत ऐकायचो. चांगलं पुस्तक हाय, खोटं कशाला बोलू. ती पुस्तकातली बाई पानापानाला पोराला मुडद्या म्हणती. आन् त्याला काय हुत न्हाय. ताप येतो, जातो. हिरीत पडतो, वर येतो. पुण्याला जातो. मी बी तसंच म्हणायचो की वो, रोजचं. मग तिचंच कसं लागलं न्हाय, आन् माझंच लागलं? पोरगीनं शेवटचं पान वाचलं तवा मी पुस्तक घेतलो आन् मागं परड्यात टाकलो. दिरानं बघितलं. त्याला वाटलं, शिवीचा राग आला. मी काय बोललो न्हाय. काय सांगायचं हुतं?"

बाहेर रस्त्यावरचा दिवा लागला. पोरीनं घरातला लावायला हात पुढं केला, तिनं मानेनंच नको म्हटलं.

"अक्का, तुमी एवढं शिकलाय. वास्तू तथास्तु म्हणती, ते खरं हाय काय?"

तिन्हीसांजेला घरात वाईट बोलू नये, वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते, हे मीही ऐकत मोठी झाले. अंधश्रद्धेवर माझे किती अग्रलेख आहेत. 'खुळ्यासारखं काय विचारताय' असं मी दुसऱ्या कुणाला सहज म्हटलं असतं. तिला म्हणता येईना. तिच्या घरात अंधार होत होता, ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. माझ्या मागं भिंत होती आणि मला वाटलं, तीपण उत्तर ऐकायला थांबलीय.

"नाही वहिनी," मी कसंबसं म्हटलं. "घर काही म्हणत नसतं."

तिला ते पटलं नाही. मलाही कुठं पटलं होतं त्या वेळी. मग मला माझी ती यादी आठवली. पी, पूस, बस, ये. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी मुडद्या म्हटल्यावर पुढं काय म्हणालात?"

ती गर्रकन वळली. "पुढं?"

"पुढं तुम्ही काहीतरी म्हटलं असणारच. आई नुसतं मुडद्या म्हणून थांबत नाही. मी सगळ्या गावाला विचारत हिंडलेय."

हायवेवरनं एक मोठी गाडी गेली, ताटं हलली. "ते कुणी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. समदी पहिल्याचंच बोलत्यात."

मग तिनं सांगितलं. तिन्हीसांजेची वेळ, पोरगा कामावरनं नुकता आलेला. भात चुलीवर. कुणाचा तरी फोन आला आणि त्यानं पुन्हा गाडी बाहेर काढली. "मी आतनं वरडलो, आलास न्हाईस तवर चाललास व्हय रं मुडद्या? हे मोठ्यानं म्हटलो. हसला तो. गाडीला किक मारली. मग मी उंबऱ्यापातूर आलो आन् म्हटलो, लवकर ये. ते आपलं हळूच म्हटलो. गाडीचा आवाज लई हुता."

पोरगी चौकटीवरनं सरळ उभी राहिली. तीसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"त्याला ऐकू गेलं आसंल काय, अक्का?"

"माहीत नाही, वहिनी."

"गल्लीला न्हाय गेलं. पर घर तर जवळ हुतं. मी उंबऱ्यातच उभी हुतो की. घरानं दोन्ही ऐकलं आसंल." ती आढ्याकडं बघत होती. "मग एकालाच कसं तथास्तु म्हटलं?"

मी तेहेतीस वर्षं मुद्देसूद लिहिते आहे. ऊसवाल्यांना, कारखानदारांना, पालिकेला, कुणालाही उत्तर द्यायला मला फार वेळ लागत नाही. त्या बाईपुढं मात्र रडू यायला लागलं म्हणून मी चष्मा पुसत बसले. शेवटी विचारलं, हे छापू का?

"नाव नको."

"नाही घालत."

"मग छापा. दोन्ही छापा."

परतीच्या गाडीत मी तो नावांचा परिच्छेद काढून टाकला. तो चुकीचा होता असं नाही. पण त्या घरातनं आल्यावर तो मला ठेववेना. बाकीचा लेख ठेवला. दूधकट्टा ठेवला, बांगडीवाली ठेवली, शाहूवाडीचं खाचर ठेवलं, आणि आपल्या भागात माया नेहमी शब्दाच्या मागनं चालत येते, म्हणून शब्द तोडून बघू नका, आख्खं वाक्य ऐका, असं लिहिलं. वर्गात बोलीतलं पुस्तक कशासाठी, तर पोरांना आख्खं वाक्य ऐकायची सवय लागावी म्हणून. घरी बसवलेल्या त्या शिक्षिकेनं दुसरं काय केलं होतं, असं विचारलं. शेवटचा परिच्छेद नवा घातला. एका आईनं तिन्हीसांजेला निघालेल्या आपल्या मुलाला काहीतरी म्हटलं. तो परत आला नाही. आमच्या पेपरनं तिच्या बोलण्याच्या जागी फुल्या छापल्या. त्या फुल्यांच्या जागी काहीही घाण नव्हतं. तिथं हे होतं. आणि खाली तिचं वाक्य, दोन्ही अर्ध्यांसकट, जसंच्या तसं.

साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिले. म्हटलं, एक फुली पडली तर मी उद्यापासून येत नाही. त्यांनी माझ्या धमकीकडं लक्ष दिलं नाही, वाचत राहिले. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. पेन उघडलेलं होतं, त्याला टोपण लावलं.

"हे खरंय?"

"तिच्या घरी बसून ऐकलंय."

"आमची आई म्हणायची, मुडद्या, अंगावर घे," साहेब म्हणाले. "हिवाळ्यात." मग घंटी वाजवून त्यांनी डेस्कच्या पोराला बोलावलं आणि सांगितलं, हे असंच जाऊ दे, फोन आले तर माझ्याकडं लावा.

अग्रलेख आला. फोन आलेच, पण वेगळे. माणसं फोन करून आपापल्या आईची वाक्यं सांगायला लागली. मुडद्या, छत्री घे. मुडद्या, गुळाचा खडा तोंडात टाक. त्या गुरुजींचाही आला. 'वाचलं' एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. कॉलेजनं आठवड्याभरात आपला मार्ग शोधला. शिक्षिकेला परत बोलावलं, कादंबरी ठेवली, पण त्यातली आईची प्रकरणं स्वयंअध्ययनाला टाकली. म्हणजे त्यावर प्रश्न नाही, म्हणजे कुणी वाचायची नाहीत. दीर म्हणाला आम्ही जिंकलो, प्राचार्य म्हणाले आम्ही जिंकलो. मी त्यावरही एक खरमरीत लिहिणार होते. नाही लिहिलं.

कारण ज्या दिवशी अग्रलेख आला त्या दिवशी संध्याकाळी पोरीचा फोन आला होता. मी दिवा लावतच होते.

"म्याडम, मी बोलतोय. आज आईनं पेपर वाचाय लावला."

"सगळा?"

"न्हाय. शेवटचं तेवढं. मला उंबऱ्यात बसवलं. मी वाचलं तर म्हणाली, एवढं हळू नको, मोठ्यानं वाच. मी म्हटलो, आई, गल्ली ऐकंल. म्हणाली, ऐकू दे की."

"मग वाचलंस?"

"वाचलो. मुडद्या मोठ्यानं वाचलो. लवकर ये बी मोठ्यानं वाचलो. तर म्हणाली, ते परत वाच. लवकर ये. आनी मोठ्यानं. मी वरडलोच मग. समोरच्या काकू दारात आल्या. पदर लावला डोळ्यास्नी. मग आई बी वरडली. माझ्याबरोबर. दोघी रस्त्याकडं बघून वरडलो, म्याडम."

ती थांबली. श्वास ऐकू येत होता.

"मग?"

"मग काय न्हाय. बसलो. अंधार पडला. डास याय लागले म्हणून दार लावाय उठलो. तर आई म्हणाली," आणि इथं पोरीचा आवाज फुटला, रडतेय की हसतेय ते मला कळेना, "म्हणाली, ऱ्हाऊ दे की उघडं, भवाने. मला भवाने म्हणाली, म्याडम. आई."

माझ्याही डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. दोन वर्षांनी त्या पोरीला तिची आई परत मिळाली होती. मी म्हटलं, "बरं झालं बाई. लावलंस मग दार?"

"न्हाय."

"जेवलात?"

"भात झालाय. पर वाढत न्हाय ती. थांबू म्हणती जरा वेळ."

फोन कुणीच ठेवला नाही. त्यांच्या उघड्या दारातनं हायवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या, आणि आम्ही तिघी थांबलो.